खोंगखामायचा कंगवा

योम नदीला पूर आला की थाक्लुआय गावात दोन गोष्टी चढत जायच्या. एक पाणी आणि दुसऱ्या लुंग थियांगच्या थापा. पाणी निदान आठ-दहा दिवसांनी उतरायचं.

थियांगला एकोणसत्तरावं लागलं होतं. गावातले सगळे त्याला लुंग म्हणत, म्हणजे काका. त्याच्याहून मोठी असलेली दोन-चार माणसंही सवयीनं लुंगच म्हणून जात. चाळीस वर्षं त्यानं गावच्या उतारावर नाव वल्हवली. मग पूल झाला. नाव गेली, तोंड राहिलं. पूर्वी तो माणसांना पलीकडच्या काठावर पोचवायचा, आता विहाराच्या पायरीवर बसल्या जागी त्याहून पुष्कळ लांब पोचवू लागला. एका उन्हाळ्यात म्हणे नदी इतकी आटली की मासे तहानेनं व्याकूळ होऊन याच्या दारात आले. यानं त्यांना माठातलं पाणी पाजलं. त्यातला एक मागूर अजून दर नववर्षाला भेटायला येतो, आणि गेल्या खेपेला तर सून दाखवायला घेऊन आला होता.

"दिसायला कशी होती, लुंग?" पोरं विचारत.

"मिशा जरा जास्त होत्या. पण स्वभाव चांगला."

थाप आहे हे सगळ्या गावाला कळायचं, पण खरं कुठं संपलं आणि थाप कुठं सुरू झाली, तो सांधा कुणाला सापडत नसे. सापडायचा फक्त त्याच्या थोरल्या बहिणीला. चमोय तिचं नाव; गाव तिला पा म्हणे, म्हणजे मावशी. पाच वर्षांनी मोठी, विधवा, काटक. थियांगला तिनंच कडेवर वाढवलेला. चिखलातून आला की पाय धुवायचं काम तिच्याकडे. तो गोष्ट सांगू लागला की ती समोर, लोकांच्या मागच्या खांबाला टेकून बसायची, मान खाली घालून ऐकायची, आणि ऐन रंगात आलेल्या जागी शांतपणे म्हणायची, "खोटं."

बरं, नुसतं खोटंच पकडायची असंही नाही. एकदा भर दुपारी थियांग बोंबलत वर आला की उतारावर सुसर आहे. अख्खा गाव पोट धरून हसला. चमोयनं मान खाली घातली, वर केली, आणि धुणं टाकून उठली. "उठा गं बायांनो, हे खरं आहे." बायका उठल्या म्हणून वाचल्या. सुसरीनं फक्त एक सारोंग नेला.

"ताई, कशावरून ओळखतेस गं?" त्यानं शंभरदा विचारलं असेल.

"सांगितलं तर तू सुधारशील. मग मी करमणुकीला कुठं जाऊ?"

त्या वर्षीचा पूर मात्र थापेत बसणारा नव्हता. पाणी घरांच्या खांबांवरून चढून वरच्या मजल्याच्या फळ्यांवर आलं, तिथून माळ्याला लागलं. त्रेचाळीस घरांचा गाव टेकाडावरच्या विहारात जाऊन राहिला. बारा दिवस भात आणि उकडलेली अंडी, अंडी आणि भात. शेवटी पाणी फळ्यांखाली उतरलं. घरं दिसू लागली, पण चिखल ल्यालेली आणि दारं घट्ट मिटलेली.

ती दारं मिटलेली राहण्याला कारण होतं. थाक्लुआयची रीत अशी की पूर ओसरल्यावर घराच्या बाईनं आधी एकटीनं आत जायचं, दार मागं लावून घ्यायचं, आणि देव्हाऱ्यापुढं नऊ उदबत्त्या लावायच्या. घराचा रक्षणकर्ता बारा दिवस अंधारात भिजत बसलेला असतो. त्याला उजेड दाखवण्याआधी खिडकी उघडली तर कोंदट हवेबरोबर घराची बरकतही बाहेर निघून जाते. यंदा दोन दिवसांवर पौर्णिमा होती, वर्षावासाच्या सांगतेची. त्या पहाटे घरोघर उदबत्त्या लावायच्या हे ठरल्यातच जमा होतं.

आणि नेमकी तेव्हाच रवीवन आली.

प्रांताच्या मुख्य शहराहून, लोखंडी होडीतून, रसायनांच्या आपत्तीचं पथक घेऊन. पथक म्हणजे ती आणि तीन माणसं. तिशीची बाई, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, गळ्यात मुखवटा, हातात पिवळं यंत्र. तिनं गल्ल्यांतून होडी फिरवली. पहिल्या घराच्या दाराच्या फटीशी यंत्र धरलं, ते किंचाळलं. दुसऱ्या घराशी किंचाळलं. पंचविसाव्या घरापर्यंत सगळ्या गावाला त्याचा आवाज पाठ झाला.

आता ते का किंचाळत होतं, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. थाक्लुआय केळ्यांवर जगायचं. घरोघर वरच्या मजल्याला लागून एक आढीची खोली, खिडकी नसलेली. तिच्यात हिरवे घड रचायचे, कार्बाइडच्या पुड्या ठेवायच्या, दार लावायचं. दोन दिवसांत केळी सोन्यासारखी पिवळी. कार्बाइडचे पत्र्याचे डबे माळ्यावर असत. साठ्याला परवाना लागतो, आणि तो गावात कुणाकडेच नव्हता. त्या डब्यांचा लसणासारखा वास गावाच्या अंगातच मुरलेला. बाहेरून आलेली सून पहिला महिनाभर नाक मुरडायची आणि मग माहेरी गेली की म्हणायची, इथं कसला वासच नाही.

रवीवननं विहाराच्या अंगणात भोंगा लावला. "कार्बाइडला पाणी लागलं की त्यातून गॅस निघतो. बंद घरात तो साठून राहिलाय. एक ठिणगी पडली तर घर उडेल. आम्हाला तीन दिवस द्या. एकेक दार बाहेरून उघडू, हवा खेळू देऊ, डबे बाहेर काढू. तोवर कुणीही घरात जाऊ नका, काडी ओढू नका. आणि कुणाकडे किती डबे आहेत तेवढं मला सांगा. मी शिक्षा करायला आलेली नाही."

अंगणात अशी शांतता पसरली की माशा लाजून उडायच्या थांबल्या.

"डबे?" गावचा मुखिया सनान म्हणाला. त्याचे स्वतःचे आठ होते. "नाही बुवा. आमच्यात नाही."

"मग केळी कशी पिकवता?"

"प्रार्थनेनं," चमोय मागून म्हणाली. बायका खुदखुदल्या. "पोरी, तुझं यंत्र नवीन दिसतंय. नवी सूनसुद्धा पहिला महिना अशीच प्रत्येक दाराशी किंचाळते. राहू दे, रुळेल."

सगळे हसले. रवीवन हसली नाही. संध्याकाळपर्यंत तिला कळून चुकलं की मान सगळे डोलावताहेत आणि पौर्णिमेच्या पहाटे सगळे घरी जाणार आहेत. वास त्यांना येत नव्हता, आणि डबे तर कुणाकडे नव्हतेच. मग कशाची भीती?

सनानला मात्र भीती वाटत होती. आठ डब्यांच्या घरात त्याची बायको उदबत्ती लावणार होती. त्यानं थियांगला घंटेच्या मनोऱ्यामागं बोलावलं. रवीवन तिथं आधीच उभी होती.

"लुंग, एक थाप पाहिजे होती."

"केवढी?"

"तीन दिवस पुरेल एवढी. गावात कुणी आग पेटवता कामा नये."

"मला हे पटत नाही," रवीवन म्हणाली. "खरं सांगून होत नाही ते खोटं सांगून करायचं?"

थियांग तिच्या बुटांकडं बघून म्हणाला, "तुझं खरं चांगलं आहे गं पोरी. पण ते एका जागी उभं राहून ओरडतं. थाप घरोघर चालत जाते." मग तो नदीकडं बघत उभा राहिला. त्याच्यासारख्याचं गप्प राहणं बघून सनान घाबरला.

"काय झालं, लुंग? सुचत नाही?"

"सुचलंय केव्हाच. पण तिच्या नावानं सांगावं लागेल. बाकी कुणाचं हे लोक ऐकणार नाहीत."

तिच्या म्हणजे खोंगखामायच्या, नदीच्या. थियांगनं हत्तीच्या, मागुराच्या, स्वतःच्या सासूच्या नावानं थापा मारल्या होत्या, पण नदीच्या नावानं कधीच नाही. नावाडी माणूस, चाळीस वर्षं तिच्या अंगावरून फिरलेला. गावालाही हे ठाऊक होतं. त्यानं नदीकडं तोंड करून हात जोडले, पुटपुटत क्षमा मागितली, आणि मग नाक पुसून म्हणाला, "चला. भात खाऊन बसलेत तोवर सांगतो. भरल्या पोटी माणूस पटकन विश्वास ठेवतो."

विहाराच्या पायरीवर तो बसला, पाय पुढं सोडले. लोक गोळा झाले. पोरं ओरडली, "लुंग, मागुराची सून!"

"आज मागूर नाही," तो म्हणाला, आणि आवाज इतका खाली नेला की मागच्यांना पुढं सरकावं लागलं. "आज पहाटे मी उतारावर गेलो होतो. पाणी बघायला. तिथं एक म्हातारी बसली होती. केस ओले, पायरीपासून पार पाण्यापर्यंत पसरलेले, आणि पाण्यात पुढं कुठवर गेलेत ते दिसत नव्हतं. मला म्हणाली, थियांग, पलीकडं सोडतोस का? मी म्हटलं, आजी, नाव कुठाय आता, पूल झाला. ती म्हणाली, मला पूल चालत नाही रे. माझ्यावरून बांधलाय, मी त्याच्यावरून कशी जाऊ?"

एकानं घाईनं हात जोडले. त्याचं बघून दहांनी जोडले.

"म्हटलं, माय, तू मग अजून इथं का? पाणी तर उतरलं. तर म्हणते, माझा कंगवा हरवलाय. चांदीचा. तुमच्या गावातून परतताना कुणाच्या तरी घरात पडला. घरोघर शोधतेय. अंधारात मला सगळं दिसतं, पण उजेड डोळ्यांना सोसत नाही. तीन दिवस कुणी काडी ओढू नका, चूल नको, उदबत्तीसुद्धा नको. मध्येच उजेड झाला तर मी दचकेन, आणि मी दचकले की काय होतं ते बारा दिवस बघितलंत ना? तीन दिवसांनी जाईन मी, कंगवा मिळो न मिळो."

"आणि तो पिवळा किंचाळतो कशाला?" कुणीतरी विचारलं.

"तिचा वास लागतोय त्याला. जिथं जिथं ती बसून गेली तिथं किंचाळतोय. त्या पोरीला यंत्र कळतं, यंत्राला काय कळतं ते तिला कळत नाही."

बस. इतकंच. डब्यांचा उल्लेख नाही, परवान्याचा नाही, कुणाला मान खाली घालावी लागली नाही. थोरले भन्ते आपलं भिक्षापात्र घेऊन मधून फिरले आणि लोकांनी आपणहून लायटर, काडेपेट्या त्यात टाकल्या. सनानच्या बायकोनं तर खिशातला टॉर्चही टाकला. रवीवन खांबाशी उभी राहून बघत होती. सबंध दिवस भोंग्याला जमलं नाही ते एका कंगव्यानं केलं होतं.

थियांगनं गर्दीच्या मागं नजर टाकली. चमोय आपल्या खांबाला टेकून बसली होती, मान खाली. मग तिनं मान वर केली. आज ती "खोटं" म्हणाली नाही. नुसती हसली.

त्याला वाटलं, ताईला कळलं. थाप आहे हे कळलं, म्हणजे कशासाठी आहे तेही कळलंच असणार. तिच्यासारखी शहाणी बाई आहे का गावात?

झोपायच्या वेळी चटया अंथरल्या जात असताना ती त्याच्याजवळ आली. आजूबाजूला वीस-पंचवीस माणसं.

"थियांग, खरं काय आहे रे?"

तो बोलणार होता. पण सनानची बायको कान टवकारून बसली होती, पलीकडं चमोयच्या चटईशेजारची लामदुआन, तिच्या पलीकडं सगळा गाव. धागा एका जागी सुटला की सगळं वस्त्र उसवतं, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत? शिवाय खरं सांगायचं तर त्या दिवशी त्याला जरा चढलीही होती. रवीवननं स्वतःच्या हातानं त्याला कॉफी दिली होती. आयुष्यात पहिल्यांदा त्याची थाप सरकारी कामाला लागली होती.

"खरंच भेटली गं ताई," तो म्हणाला. "केस अगदी पाण्यापर्यंत."

चमोयनं खाली बघितलं, त्याच्या पांघरुणाचं टोक सारखं केलं आणि म्हणाली, "बरं. झोप."

उद्या सांगू एकटीला गाठून, असं ठरवून तो झोपला. पण दुसऱ्या दिवशी पथकाबरोबर होडी वल्हवायला त्याला नेलं. बुजलेल्या गल्ल्या त्यालाच माहीत. मुखवटे घातलेली माणसं लांब बांबूनं दारं ढकलत, बाजूला होत, थांबत, यंत्र आत धरत. ते गप्प झालं की माळ्यावरून डबे काढून कोरड्या वाळूच्या पिंपांत ठेवत. दिवसभरात वीस घरं झाली. चमोयचं घर पार खालच्या टोकाला, चिंचेजवळ. ते तिसऱ्या दिवशी येणार होतं. संध्याकाळी तो परत आला तेव्हा हात वर होत नव्हते. चमोय बायकांत बसून फुलं ओवत होती. उद्या पौर्णिमा. थियांग भात खाता खाता बसल्या जागीच झोपला.

पौर्णिमेच्या पहाटे, कोंबडे आरवून झाल्यावर, खालच्या टोकाकडून एक आवाज आला. मोठा नव्हता. कुणीतरी ओलं पोतं वरून टाकावं तसा. मग विहाराच्या घंटा आपोआप किणकिणल्या, आणि चिंचेवरचे सगळे बगळे एकदम आभाळात गेले.

थियांग होडीकडं धावला. रवीवनच्या माणसांनी त्याला वाटेत धरलं, तेव्हा तो त्यांना चावला, हे मागाहून त्यांनी सांगितलं. त्याला आठवत नाही. त्याला आठवतो तो घराचा पत्रा. चिंचेच्या शेंड्यात अडकलेला, वाऱ्यानं हलणारा. खाली खांब तेवढे उभे होते. ओल्या फळ्यांनी पेट घेतला नव्हता, नुसता धूर.

तिला संध्याकाळी विहारात आणलं. झाकून. भन्ते म्हणाले, बघू नको. त्यानं बघितलं नाही. त्याच्या हातात तिची एक चप्पल होती, ती कुणी दिली ते त्याला कळलं नव्हतं.

मग लामदुआन त्याच्याजवळ येऊन रडली. चमोयच्या शेजारची चटई तिचीच. "लुंग, मी तिला अडवलं होतं. अंधारात उठली, कमरेला फुलांची माळ, म्हणाली घरी जाऊन येते. मी म्हटलं, पा चमोय, खोंगखामाय फिरतेय, आणि ती सरकारी पोरगीही सांगतेय गॅस आहे. तर हसली. म्हणाली, त्या पोरीचं मला आधी थोडं थोडं खरं वाटलं होतं. पण खरं असतं तर थियांगला कशाला बोलावलं असतं? खऱ्याच्या राखणीला कुणी थापाड्या बसवतं का? म्हणाली, आमच्या यांच्या अस्थी देव्हाऱ्यात आहेत, चौदा दिवस झाले अंधारात. आज सणाचा तरी दिवा लावून येते. माझा डबा कोरडा आहे, मी स्वतः माळ्याच्या वर बांधलाय."

"आणि लायटर?"

"भिक्षापात्रात टाकला तो रिकामा होता म्हणाली. भरलेला कनवटीला होता."

थियांगनं मान हलवली. ताई ती. तिला कोण फसवणार?

रवीवनच्या पथकानं आणखी दोन दिवस काम केलं. बेचाळीस घरं उघडली, एकसष्ट डबे काढले. कुणी म्हणालं नाही की हा माझा. पुरातून वाहून आले असतील, असं सनान म्हणाला, आणि रवीवननं तसंच लिहून घेतलं. जाताना ती थियांगसमोर बसली, हात जोडून पार कपाळापर्यंत नेले.

"लुंग, तुमच्या गोष्टीनं बेचाळीस घरं वाचली."

"त्रेचाळीस होती," तो म्हणाला.

ती उठली. होडीत चढताना तिनं एकदा मागं वळून बघितलं, बस.

भन्त्यांनी चमोयचं दहन केलं. कुणी हरकत घेतली नाही. सगळे आले, सगळ्यांनी कागदी फुलं वाहिली. अडलं ते अस्थींपाशी. गावच्या उतारावरून नदीत सोडायच्या, तर होडी कुणी देईना. एकाचं वल्हं मोडलं होतं, दुसऱ्याच्या तळाला गळती. शेवटी सनान खाली बघत बोलला.

"लुंग, राग मानू नका. पण लोक म्हणतात, मायनं तीन दिवस मागितले होते. पा चमोयनं मोडले. माय दचकली, आणि... आता तिलाच पुन्हा मायच्या अंगावर कसं सोडायचं? आपल्या उतारावर नको. खाली शहरात घेऊन जा. तिथं नदीला कोण कुणाचं ते कळत नाही."

थियांग म्हणाला, "सनान, थाप तू मागितली होतीस."

"हो ना," सनान पुटपुटला. आणि मग, जणू आजूबाजूला कुणी ऐकतंय अशा बेतानं, मोठ्यानं म्हणाला, "कुठली थाप, लुंग?"

मग थियांगनं आयुष्यात केली नव्हती ती गोष्ट केली. विहाराच्या पायरीवर उभा राहिला आणि सगळ्या गावाला खरं सांगितलं. म्हातारी भेटली नाही. कंगवा नाही. ताईचा डबा कोरडा असेल, पण आढीतल्या कार्बाइडच्या पुड्यांना पाणी लागलं, गॅस झाला, ठिणगी पडली. तुमच्या प्रत्येकाच्या घरात तेच होतं. माझ्या बहिणीनं नदीचं काही मोडलं नाही. मी खोटं बोललो, आणि ती एकटी त्याला फसली नाही म्हणून मेली.

लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं. बायकांनी डोळे पुसले. लामदुआन उठून त्याच्या पाठीवरून हात फिरवू लागली. "बसा लुंग, बसा. दुःखात माणूस काहीबाही बोलतो. मायचं नाव घेऊन तुम्ही कधी खोटं बोलला नाहीत, आम्हाला काय ठाऊक नाही?" आणि कुणीतरी त्याला पाणी दिलं, आणि कुणीतरी म्हणालं की म्हाताऱ्याला झोप हवी आहे.

चाळीस वर्षं नावेवर आणि पंधरा पायरीवर, इतक्या थापा मारल्या. एकही अशी पडली नव्हती.

सात दिवस पांढऱ्या फडक्यात बांधलेलं ते मडकं त्याच्या उशाशी होतं. तो शहरात गेला नाही. ती कधी शहरात राहिली नव्हती. एकदा डोळे दाखवायला गेली तर संध्याकाळी चालतच परत आली होती. तिचा नवराही इथल्याच उतारावरून जाणार होता. आज सोडू, उद्या सोडू म्हणत त्याला अकरा वर्षं देव्हाऱ्यात ठेवलेला, आणि आता त्याची राख घराबरोबर उडून कुठं गेली कुणास ठाऊक. थियांग मडक्याकडं तोंड करून झोपायचा.

आठव्या दिवशी सकाळी तो आंघोळ करून आला. धुतलेला सदरा घातला. मडकं मांडीवर घेऊन पायरीवर बसला, पाय पुढं सोडले. भिक्षा घालायला आलेले लोक थांबले. त्याचा तो आवाज त्यांनी ओळखला, तो खाली नेलेला.

"आज पहाटे ती पुन्हा आली होती," तो म्हणाला.

एकीनं हातातलं भाताचं भांडं खाली ठेवलं.

"उतारावर. तीच. केस मात्र विंचरलेले. नीट भांग पाडलेला. म्हटलं, माय, कंगवा सापडला वाटतं? म्हणाली, सापडला रे. त्रेचाळीस घरं धुंडाळली, अंधारात सगळं दिसतं म्हणत होते, पण म्हातारी झालेय मीसुद्धा. दिसेना. उद्या काय करावं म्हणून चिंचेजवळच्या त्या घरात रडत बसले होते. तर तुझी बहीण आत आली. तिला मी दिसले. तिनं विचारलं, माय, काय हरवलं? मी सांगितलं. ती म्हणाली, मग उजेड नको कसा? उजेडाशिवाय म्हातारीला कंगवा सापडतो का? तुला सोसणार नाही, तर तू डोळे मीट, मी बघते."

सनानच्या बायकोच्या तोंडून हुंदका फुटला.

"आणि तिनं लावला. माय म्हणाली, मी डोळे मिटले होते म्हणून मला काही झालं नाही. तिनं मिटले नव्हते. माझा कंगवा तिच्या हातात होता, थियांग. म्हणाली, गावाला सांग, हिनं माझं काही मोडलेलं नाही. हिला माझ्याकडं पाठवून दे. माझ्या केसांना कुणीतरी लागतंच."

तो थांबला. पुढं काही उरलं नव्हतं.

थोरल्या भन्त्यांनी डोळे मिटून घेतले. सनान उठला, उताराकडं गेला, आणि थोड्या वेळानं खालून होडी पाण्यात ढकलल्याचा आवाज आला. वल्हं मोडलेल्यानं वल्हं आणलं. गळती असलेल्यानं दुसरी होडी आणली. बायका फुलं तोडायला पळाल्या, आणि लामदुआन सांगत सुटली की आपण पा चमोयला अडवलं तेव्हाच तिच्या चेहऱ्यावर काहीतरी तेज दिसलं होतं.

थियांगनं मडक्यावर हात ठेवून मान खाली घातली. रडू आलं होतं ते लोकांना दिसू नये म्हणून. आणि मान खाली घातली तेव्हा त्याला स्वतःचे पाय दिसले.

उजवा पाय पायरीवर सपाट टेकलेला होता. डाव्या पायाचा अंगठा मात्र ताठ वर उचललेला होता, एकटाच, बाकीची बोटं खाली ठेवून. जणू कुणीतरी दोरीनं वर ओढून धरला होता. गोष्ट सुरू केली तेव्हापासून तो तसा असला पाहिजे, कारण पोटरीत कळ येत होती. ती कळ त्याच्या ओळखीची होती. गोष्टी सांगून झाल्यावर नेहमी यायची. त्याला वाटायचं, वल्हवून वल्हवून आलेली.

त्या मुलखात पायांकडं कोण बघतं? पाय हा काय बघायचा अवयव आहे? ज्या पोरीनं ते लहानपणी धुतले, पुसले, एकेक बोट वेगळं करून चिखल काढला, ती सोडून.

ती मान खाली घालून ऐकायची. त्याला आयुष्यभर वाटलं, लाजेनं घालते.

"चला लुंग," खालून सनाननं हाक मारली. "पाणी उतरतंय. होडी रुतेल."

"आलो," तो म्हणाला. अंगठा आपोआप खाली आला. हे खरं होतं.

मडकं उचलून उठताना त्यानं एकदा मागच्या खांबाकडं बघितलं. तिथं कुणाची तरी ओली छत्री टेकून ठेवली होती.